पंगत उठेपर्यंत

रविवार, आठ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. कोथरूडच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुलाने लॅपटॉप उघडला आणि आज निर्णय घ्यायचा आहे, असे जाहीर केले. निर्णय नातीच्या शाळेचा होता. ती अकरा वर्षांची आहे. जूनपासून निवासी शाळेत जायचे, हे तिने स्वतः ठरवले होते. "घरात मी एकटीच लहान आहे," एवढेच कारण तिने दिले होते आणि ते पुरेसे होते. कोणत्या शाळेत, हे तिच्या आईवडिलांनी ठरवायचे होते.

एका मासिकाने निवासी शाळांची क्रमवारी छापली होती. मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने ती क्रमवारी एक्सेलमध्ये उतरवली, तीत स्वतःचे रकाने घातले आणि प्रत्येक रकान्याला गुण दिले. पोहण्याचा तलाव, प्रयोगशाळा, परदेशी विद्यापीठांत गेलेली मुले, घोडेस्वारी. जेवणाला रकाना नव्हता. डोंगरातल्या एका शाळेने नातीला जागा देऊ केली होती आणि होकार किंवा नकार त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचा होता.

"राज्यात पहिल्या पाचांत आहे, बाबा," मुलगा मला म्हणाला. "आता यात शंका घेण्यासारखं काय आहे?"

"मी शंका घेतलेली नाही."

"तुमच्या चेहऱ्यावर आहे."

"चेहरा जुना आहे."

सून स्वयंपाकघरातून हसली. नात टेबलाच्या टोकाला पोहे खात होती. बाकीच्यांच्या बशा उचलून झाल्या होत्या. तिने शेंगदाणे एका कडेला आणि खोबरे दुसऱ्या कडेला काढून ठेवले होते व मधले पोहे ती चमच्याच्या टोकाने उचलत होती. ती असेच जेवते. तिला जेवायला फार वेळ लागतो, पण ताटात ती काही टाकत नाही. तिच्या आताच्या शाळेतली मधली सुट्टी तिला पुरत नाही. डबा अर्धा भरलेला परत येतो आणि दुपारी घरी ती तो संपवते. त्या वेळी घरात मी असतो. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचतो. सकाळी ते वाचून झालेले असते.

मुलाचे मत असे होते की निवासी शाळेत गेली की आपोआप सवय लागेल. तो स्वतः ताट समोर येताच संपवतो. त्याचे मत त्याच्यापुरते बरोबर आहे.

जानेवारीत आम्ही चौघे ती डोंगरातली शाळा पाहून आलो होतो. शाळा वाईट नव्हती. इमारती दगडी होत्या, ग्रंथालयात खरोखरच मुले वाचत होती आणि घोडेही धष्टपुष्ट होते. आम्हाला हिंडवणाऱ्या शिक्षकांनी भोजनगृहाकडे बोट दाखवून आग्रह केला की दुपारचे जेवण येथेच घ्यावे. सुनेने नम्रपणे नकार दिला. आम्ही घरून डबा नेला होता. पुण्यातली माणसे परगावी कोठेही गेली तरी डबा नेतात. बाहेरचे कसे असेल, याची आम्हाला नेहमीच काळजी असते. फाटकाबाहेर झाडाखाली गाडी उभी करून आम्ही पोळी-भाजी खाल्ली. मुख्याध्यापकांना भेटण्याची वेळ झाली तेव्हा नातीच्या हातात अर्धी पोळी होती. सुनेने ती तिच्या हातातून काढून घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण लावले. "नंतर खा," ती म्हणाली. ते नंतर आले नाही.

परतताना मी त्या शिक्षकांना विचारले होते की मुलांना जेवायला वेळ किती असतो. "वीस मिनिटं, सर," ते अभिमानाने म्हणाले. "टाइम मॅनेजमेंट इथूनच सुरू होतं." त्यावर मी काही बोललो नाही. गाडीतही बोललो नाही. विचारले असते तर सांगितले असते.

त्या रविवारी सकाळी मात्र मी विचारले. "त्या शाळेत तुम्ही जेवलात का?"

मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली. "बाबा, आपण शाळा निवडतोय, खानावळ नाही."

"वर्षातले बहुतेक दिवस ती तिथे जेवणार आहे. शिकण्याबद्दल मी तुम्हाला काही विचारलेलं नाही."

मग नातीने चमचा खाली ठेवला. "आजोबांची शाळा बघू या ना," ती म्हणाली. "एकदाच. मग तुम्ही सांगाल तिथे मी जाईन."

मी लहानपणी राहून शिकलो ती शाळा सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या पुढे आहे. मुलाने मासिक चाळले. क्रमवारीत ती नव्हती. शेवटच्या पानावर 'अन्य उल्लेखनीय' या मथळ्याखाली बारीक टाइपात तिचे नाव होते.

"उल्लेखनीय आहे," मुलगा म्हणाला. "चला, पेट्रोल जाळू."

"मी शिफारस करीत नाही," मी म्हणालो. "मी तिथून बाहेर पडल्याला आयुष्य गेलं. ती काय झाली आहे, मला ठाऊक नाही." आणि आत जाऊन अधीक्षकांना फोन केला. मी जुना विद्यार्थी आहे, चौघे येत आहोत आणि जेवू इच्छितो, असे सांगितले. सुनेने तरीही डबा भरला.

हडपसरपर्यंत रस्ता भरलेला होता. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. त्याच रस्त्याने मी प्रथम गेलो तो मालट्रकमधून, रिकाम्या करंड्यांवर बसून. वडिलांचा मंडईत कांद्या-बटाट्याचा गाळा होता. ते पहाटे घर सोडत. आई त्या वर्षी गेली होती आणि मला दिवसभर पाहणारे कोणी नव्हते. शाळांची क्रमवारी तेव्हा असली तर आमच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. लोणीहून फ्लॉवर घेऊन येणारा एक शेतकरी वडिलांच्या ओळखीचा होता व त्याचा मुलगा तेथल्या निवासी शाळेत होता. वडिलांनी गाळ्यावर बसल्या बसल्या त्याला एकच प्रश्न विचारला. मी शेजारी पोत्यावर बसलो होतो, म्हणून तो मला पाठ आहे.

"पोरं जेवतात का तिथं?"

"जेवत्यात की," शेतकरी म्हणाला. "उठूच देत न्हाईत."

शाळेची चौकशी तेथे संपली. पुढच्या सोमवारी मी त्याच्या ट्रकमध्ये होतो.

त्याने सांगितले ते शब्दशः खरे होते. शाळेत पंगतीचा एक नियम होता. शेवटच्या मुलाचे जेवण होईपर्यंत कोणी उठायचे नाही. हात वाळले तरी बसून राहायचे. नियम सर्व शाळांत कागदावर असतात. तेथे तो पंगतीत होता. शहाबादी फरशीवर दोन्ही भिंतींलगत आम्ही बसत असू आणि बाहेर मैदानावर कबड्डीची आखलेली रेघ दिसत असे. ती रेघ दिसत असताना बसून राहणे सोपे नव्हते.

शेवटचा मुलगा बहुधा मी असे. ज्वारीची भाकरी मला लवकर गिळता येत नसे. घरी आई भाकरी दुधात कुस्करून देत असे. तेथे तसे कोणी देणार नव्हते. मान खाली घालून मी चावत राही आणि पंगतीतून आवाज येत. "मंडई, आटप की!" मला मंडई म्हणत. "अरे, ह्याला उद्या पहाटेच बसवा, म्हणजे दुपारपर्यंत होईल." "रवंथ करतोय, रवंथ!"

पंगतीच्या टोकाला देखरेखीचे गुरुजी बसत. ते आसपासच्याच गावचे होते. किरकोळ अंगाचे, पांढरे धोतर, करकरीत आवाज. मुलांचा गलका वाढला आणि माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी असली की त्यांचा आवाज येई, "वाढपी! एक भाकरी हिकडं आणा." पंगतीत सगळीकडे सुस्कारे सुटत. गुरुजी आणखी एक भाकरी घेत आणि ती सावकाश खात. त्यांचे होईपर्यंत माझे होऊन जाई. सगळे त्यांच्यावर चिडत. मीही चिडत असे. आम्ही त्यांना आपसात खादाड म्हणत असू. मी शेवटचा नसे, एवढे मात्र खरे, आणि काही महिन्यांत मला मंडई म्हणणे बंद झाले. ज्वारीची भाकरीही मी शिकलो. वेगाने नव्हे.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारची पहिली घंटा झाली होती. रुळाचा तुकडा टांगलेला असे, तेथे आता विजेची घंटा आहे. फाटक नवीन, इमारत नवीन आणि माझ्या काळी नसलेल्या मुलीही आता आहेत. ओळखीचे म्हणावे असे फक्त चिंचेचे झाड दिसले आणि तेही मला तेवढे मोठे आठवत नव्हते. अधीक्षक तरुण होते. टी-शर्ट घातलेले, मोकळे.

"या, सर! तुमच्या बॅचचं कोणी येत नाही हो आता."

"येण्यासारखे फार उरलेले नाहीत," मी म्हणालो.

भोजनगृहात शिरल्यावर मी प्रथम जमिनीकडे पाहिले. फरशी तीच होती. पंगत नव्हती. लांब टेबले, बाके आणि एका भिंतीशी वाढून घेण्याची रांग. "बुफे केलं, सर," अधीक्षक म्हणाले. "मुलं वाढली. दोन बॅचमध्ये जेवतात. घंटा झाली की पहिल्या बॅचने हॉल सोडायचा." मी मान हलवली. त्याक्षणी माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. ही माझी शाळा नव्हती, तेव्हा तिच्या बाजूने बोलण्याचे कारणही नव्हते. आता जेवायचे आणि परत जायचे, एवढेच उरले होते.

आम्हाला मुलींच्या एका टेबलावर जागा दिली. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, शेंगदाण्याची कोशिंबीर आणि रविवार म्हणून शिरा. नातीने नेहमीप्रमाणे दाणे वेचायला सुरुवात केली. समोर दोन वेण्यांची, आठवीतली असावी अशी एक मुलगी बसली होती.

"दाणे आवडत नाहीत?" तिने नातीला विचारले.

"आवडतात. शेवटी खाते."

"मी पण शेवटी ठेवायचे. इथे शेवटी ठेवलं की ही उचलते." तिने शेजारणीला कोपर मारले.

"ताई, एकदाच उचलले होते!"

"एकदाच? काल काय देवाने खाल्ले?"

नात हसली. अनोळखी माणसांत ती सहसा हसत नाही. मुलाने ते पाहिले. मीही पाहिले आणि भात कालवला.

दुसरी घंटा झाली. आसपासची मुलांची टेबले खडखडत उठली. नातीच्या ताटात दीड पोळी होती आणि भाताला हातही लागला नव्हता. मुलाने घड्याळ पाहिले. सुनेचा हात आपोआप नातीच्या ताटाकडे गेला. "राहू दे गं ते. गाडीत डबा आहे."

नातीने हात मागे घेतला. मी वाढणाऱ्या बाईंना हात केला.

"एक पोळी."

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही दोनच खाता ना? डॉक्टरांनी—"

"आज तीन."

याला एक कारण होते आणि ते येथे लिहिणे भाग आहे. माझे लग्न ठरले तेव्हा पत्रिका द्यायला मी गुरुजींच्या गावी गेलो होतो. ते निवृत्त झाले होते. जेवायला बसा म्हणाले, म्हणून बसलो. त्यांच्या पत्नीने मला दोन भाकऱ्या वाढल्या आणि गुरुजींच्या ताटात अर्धी. मला वाटले, वयामुळे असेल. तसे मी बोललोही. त्या म्हणाल्या, "छ्या! वयाचं काय न्हाई. ह्यांचं पयल्यापासनं एवढंच हाय. अर्धी भाकर. जास्ती झाली की रातभर पोट धरून बसत्यात. साळंत होते तवा तर रोजचंच." गुरुजी ताटाकडे पाहत होते. "ताक घे," ते मला म्हणाले. मी ताक घेतले. त्या विषयावर आमच्यात पुढे कधीही बोलणे झाले नाही. ते आज नाहीत.

पोळी आली. मी ती मोडायला घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या टेबलावरून कोणीच उठलेले नाही. सगळ्यांची ताटे रिकामी होती, हात वाळलेले होते. दोन वेण्यांची मुलगी डावे कोपर टेबलावर टेकून बसली होती. मुलींची दुसरी दोन टेबलेही बसलेली होती.

मुलगा तिला म्हणाला, "घंटा झाली ना तुमची?"

"झाली की, काका."

"मग?"

"ती जेवतीये ना अजून."

"असा नियम आहे का इथे?"

"नियम उठायचा आहे," ती म्हणाली. "आम्ही उठत नाही."

"का?"

तिने खांदे उडवले. "आमच्या आधीच्या ताया पण नव्हत्या उठत."

अधीक्षक जरा ओशाळले. "मुलींच्या टेबलांची ही खोड आहे, सर. कुठून लागली, माहीत नाही. पंगत बंद झाली त्यानंतर मुली आल्या. टाइमटेबल बिघडतं म्हणून खूप सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

दारात दुसरी बॅच जमली होती. "ए, आटपा की! शिरा गार होतोय!"

"थांबा गं!" टेबलावरून उत्तर गेले. "पाहुणे जेवतायत!"

नातीने पोळी आणि भात संपवला. मग दाणे, एकेक करून. मग बोटाने ताट निपटले. तिला कोणी आवर म्हटले नाही. तिने मान वर केली, सगळ्यांच्या ताटांकडे पाहिले आणि शेवटी माझ्या. माझी तिसरी पोळी अर्धी उरली होती. दात आता पूर्वीचे नाहीत आणि पोट तर त्या पोळीला तयारच नव्हते.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची राहिलीये."

टेबलावर खसखस पिकली. मुलाने तोंड फिरवले. तो हसत होता. मी घाई करू लागलो तेव्हा दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "आजोबा, सावकाश होऊ द्या."

त्या फरशीवर हे मला तोंडाने कोणी सांगितल्याचे आठवत नाही. मी पाणी प्यालो. मग पोळी पूर्ण खाल्ली. टेबल माझ्यासाठी थांबले होते. मी हात धुवायला उठलो तेव्हा सगळी बाके एकदम सरकली.

अधीक्षकांनी शाळा हिंडून दाखवली, मग आम्ही निघालो आणि परतीच्या वाटेवर लोणी मागे पडले. मग नात मागून म्हणाली, "मला इथे यायचंय."

"अगं, ही लिस्टमध्येसुद्धा नाही," मुलगा म्हणाला. "तलाव नाही. लॅब बघितलीस का? माझ्या ऑफिसमधल्या जुन्या संगणकांची आठवण झाली मला."

"तलाव नाही, माहितीये."

"मग का?"

"बाबा, त्या शाळेत माझी पोळी डब्यातच राहिली होती."

सून खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "झाकण मी लावलं होतं." नातीने तिचा हात धरला, हे मला आरशात दिसले.

मुलाने आपला मोर्चा माझ्याकडे वळवला. "तुम्हाला हेच हवं होतं, बाबा."

"मला ती शाळा ओळखूदेखील आली नाही. मी शिफारस केलेली नाही. मी फक्त जेवलो."

"तीन पोळ्या," तो म्हणाला.

"आजोबा, तिसरी का घेतलीत?" नातीने विचारले.

"भूक होती."

"खोटं."

"पुढे बघ. सिग्नल आहे," मी मुलाला म्हणालो.

घरी आल्यावर मुलाने पुन्हा लॅपटॉप उघडला. तो बराच वेळ त्या रकान्यांकडे पाहत बसला. त्याची अडचण मला समजत होती. ऑफिसात लोक विचारणार होते आणि 'उल्लेखनीय' हा शब्द सांगण्यासारखा नव्हता. त्याने नातीला बोलावले, समोर बसवले आणि विचारले, "घर आठवलं तर? रडू आलं तर?" ती म्हणाली, "रडेन. सावकाश." मग तो हसला आणि लिहू लागला.

"नकाराचं कारण काय लिहू?" त्याने मला विचारले.

"त्यांनी कारण विचारलेलं नाही. आभार मान."

सहाला थोडा अवकाश असताना त्याने पत्र पाठवले. लोणीच्या शाळेला फोन केला. त्यांच्याकडे जागा होती. अशा शाळांत असते.

जूनपासून मला वर्तमानपत्र एकदाच वाचावे लागेल. त्याची सवय होईल.

सून थकली होती, म्हणून रात्रीचे मागचे आवरणे मी घेतले. सकाळचा डबा न उघडता परत आला होता. पोळ्या उद्याच्या फोडणीच्या पोळीसाठी कुस्करून झाकून ठेवल्या. भाजीचा वास घेतला, ती टाकली. डबा घासला, पुसला आणि झाकण न लावता ओट्यावर पालथा घातला.